पुण्याची पल्सर आणि कार्ब्युरेटरचा मुक्काम

मोटरसायकलचा पिकअप वाढवायचा म्हणजे आधी कार्ब्युरेटर उघडायचा, ही गॅरेजांतली रीत यामाहा आरएक्स १०० च्या काळात रुळली. १९८५ साली आलेल्या या ९८ सीसी टू-स्ट्रोक गाडीची ताकद सुमारे ११ अश्वशक्ती होती आणि हौशी मंडळींना ती वाढवायची असे.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र हवा थोडी कमी, साडेबारा-तेरा पट असताना मिळते. फिल्टरची पेटी काढून उघडा फिल्टर बसवला, की अडथळा घटतो, पण जेटवरची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावरची, ओढही उतरते. मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन सिलिंडरला धरतो. म्हणून फिल्टरबरोबर मोठा मेन जेट हवाच. नुसता फिल्टर बदलून मिळतो तो बहुधा आवाज.

जेट बसला की नाही, हे प्लगवरून कळे. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने गाडी पळवायची, त्याच वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि कडेला थांबून प्लग खोलायचा. आतली चिनी माती फिकट तपकिरी दिसली तर काम झाले. पांढरी असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरली असेल तर जास्त. मेन जेटचा अंमल वरच्या थ्रॉटलवरच चालतो. मधल्या टप्प्यासाठी निडलची क्लिप एक खाच खाली घेतली की निडल उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. आयडलिंग पायलट जेट आणि एअर स्क्रूवर जुळवायचे.

पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिला दोन प्लगांचे डीटीएस-आय इंजिन दिले. २००७ च्या पल्सर २२० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. पुढची गोष्ट गमतीची आहे. २००९ मध्ये त्याच गाडीला पुन्हा कार्ब्युरेटर बसला. किंमत उतरली आणि ताकद २० वरून २१ अश्वशक्तीवर गेली. इंजेक्शन म्हणजे आपोआप जास्त ताकद, हा समज कंपनीनेच असा खोडून काढला.

कार्ब्युरेटर मागे पडला तो धुरामुळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके सक्तीची झाली आणि २२० पुन्हा इंजेक्शनवर आली. पल्सर १२५ सारख्या लहान गाडीत मात्र कंपनीने इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर वापरून पाहिला. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण तपासतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यामुळे ट्यूनिंगचे काम स्क्रूड्रायव्हरकडून लॅपटॉपकडे, ‘रीमॅप’कडे गेले. त्यात कायद्याची अडचणही आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही.