शिरूर-दौंड परिसर आणि श्लेष्मकवकांचे सर्वेक्षण : नोंदीच्या इतिहासातील एक रिकामी जागा

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे तालुके इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीत. 1875 साली सुपे येथून सुरू झालेले दख्खनचे दंगे, 1876 ते 1878 चा दुष्काळ, घोडनदीची इंग्रजांची छावणी, 1878 साली सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. या लेखनाच्या केंद्रस्थानी सारा, सावकार, पाऊस आणि पीक आहे. परंतु याच भूमीवर सडक्या पाचटावर, बाभळीच्या सालीवर आणि पहिल्या पावसानंतर कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जी सूक्ष्म सृष्टी वावरते, तिची नोंद कोणी, केव्हा व कशासाठी केली, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत क्वचितच आला.

श्लेष्मकवक अर्थात मिक्सोमायसीट हा अशा सृष्टीतील एक गट होय. प्रस्तुत लेखाचा लेखक इतिहासाचा विद्यार्थी आहे, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. त्यामुळे येथे नव्या प्रजातींची यादी सादर करण्याचा दावा नाही. श्लेष्मकवकांच्या सर्वेक्षणाचा इतिहास पाहता पर्जन्यछायेतील तालुके त्या इतिहासाच्या बाहेर का राहिले, याची मीमांसा करणे एवढाच मर्यादित हेतू आहे.

उद्दिष्टे :

1) श्लेष्मकवकांच्या अभ्यासाची जागतिक व भारतीय वाटचाल थोडक्यात मांडणे.
2) सर्वेक्षणाचे भौगोलिक केंद्र डोंगराळ व दमट प्रदेशाकडे का झुकले याचा शोध घेणे.
3) शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात नोंद व जतन यांचे महत्त्व स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :

सदर लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित ग्रंथ, सूची व जिल्हा गॅझेटियर यांचा आधार घेतला असून शास्त्रीय बाबी समजून घेण्यासाठी वनस्पतिशास्त्र विभागातील सहकाऱ्यांशी चर्चा केली आहे.

श्लेष्मकवक : प्राणी की वनस्पती?

श्लेष्मकवकाची गणना कशात करावी हाच मुळात दीर्घकाळ वादाचा विषय होता. 1654 मध्ये थॉमस पँकोव्ह याने आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात आज लायकोगाला एपिडेंड्रम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रजातीचे चित्र दिले. ते श्लेष्मकवकाचे सर्वात जुने छापील चित्र मानले जाते. त्या काळी व नंतरही बराच काळ ही एक बुरशीच समजली जात होती. 1833 मध्ये लिंक याने मिक्सोमायसीट ही संज्ञा योजली, तीत ‘कवक’ हा अर्थ अभिप्रेत होता. मात्र 1858-59 च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी याने या सजीवांचे जीवनचक्र तपासले आणि ते प्राण्यांच्या जवळचे असल्याचे मत मांडून त्यांना मायसीटोझोआ हे नाव दिले. आधुनिक वर्गीकरणात त्यांचा समावेश अमीबासदृश सजीवांच्या गटात होतो. नावात ‘कवक’ असले तरी ती खरी कवके नव्हेत.

या वादाचे कारण त्यांच्या जीवनक्रमात आहे. बीजाणू रुजला की त्यातून सूक्ष्म, अमीबासारखी पेशी बाहेर पडते. अशा दोन पेशींचा संयोग होऊन पुढे अनेक केंद्रके असलेला, पेशीभित्तिका नसलेला, सरपटणारा जीवद्रव्याचा पुंज तयार होतो. त्यास प्लाझमोडियम म्हणतात. तो जिवाणू व इतर सूक्ष्म अन्न गिळत पुढे सरकतो. परिस्थिती बदलली की तोच पुंज स्थिरावतो आणि काही तासांत त्यातून देठावरच्या इवल्या गोंड्यांसारखी बीजाणुधानी उभी राहते. सकाळी प्राण्यासारखा हिंडणारा जीव दुसऱ्या दिवशी वनस्पतीसारखा उभा दिसतो. अभ्यासकांची विभागणी होणे त्यामुळे स्वाभाविकच होते.

ओळख पटविण्याचे शास्त्र :

डी बारीचा शिष्य रोस्टाफिन्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने 1874-75 च्या सुमारास या गटाचा पहिला व्यापक प्रबंध आपल्या मातृभाषेत, पोलिशमध्ये, प्रसिद्ध केला. एका मूलभूत शास्त्रीय शाखेची पायाभरणी इंग्रजी वा जर्मन नव्हे तर देशी भाषेत झाली, ही बाब मराठी अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर इंग्लंडमध्ये आर्थर लिस्टर यांनी 1894 मध्ये मायसीटोझोआवरील आपला प्रबंध प्रकाशित केला. शस्त्रक्रियेतील निर्जंतुकीकरणाचे प्रणेते जोसेफ लिस्टर यांचे हे बंधू व्यवसायाने मद्यव्यापारी होते. त्यांची कन्या गुलिएल्मा लिस्टर यांनी हा ग्रंथ 1911 व 1925 मध्ये सुधारून वाढविला. 1969 मध्ये मार्टिन व अलेक्सोपोलस यांच्या ग्रंथाने तोपर्यंत ज्ञात असलेल्या चारशेहून अधिक प्रजातींचे एकत्रित वर्णन उपलब्ध करून दिले. आज ही संख्या सुमारे 1000 पर्यंत गेली आहे.

ओळख पटविण्याचा मुख्य आधार प्लाझमोडियम नसून बीजाणुधानी असते. बीजाणूंचा रंग गडद की फिकट, धानीच्या भिंतीत व आतील तंतुजालात चुन्याचे कण आहेत की नाहीत, देठ व मध्यस्तंभ आहे किंवा कसे, तसेच बीजाणूंच्या पृष्ठभागावर काटे, गाठी वा जाळी यांपैकी काय आहे, हे क्रमाने पाहावे लागते. बीजाणू सामान्यतः 8 ते 12 मायक्रॉन व्यासाचे असल्याने शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकाच्या तैलभिंगाखालीच होतो. नमुना ठेवण्यासाठी मात्र फार खर्च येत नाही. तो वाळवून, कागदाच्या तुकड्यावर चिकटवून रिकाम्या काडेपेटीत ठेवला की वर्षानुवर्षे टिकतो. अट एवढीच की पेटीवर स्थळ, दिनांक, आधारद्रव्य व संग्राहकाचे नाव असावे. चिठ्ठी हरवलेला नमुना हा इतिहासकाराच्या दृष्टीने तारीख नसलेल्या कागदासारखा असतो.

भारतातील सर्वेक्षण : डोंगराकडे झुकलेला नकाशा

भारतात संघटित कवकशास्त्राचा आरंभ ई. जे. बटलर यांच्या पुसा येथील कार्याने झाला असे मानले जाते. बटलर व बिस्बी यांची भारतीय कवकांची सूची 1931 मध्ये प्रसिद्ध झाली व बी. बी. मुंडकूर यांनी 1938 मध्ये तिची पुरवणी सिद्ध केली. श्लेष्मकवकांपुरते पाहिल्यास 1927 मध्ये कलकत्त्याहून ब्रूल व सेनगुप्ता यांचे, तर 1934 मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून लोधी यांचे संकलन प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्योत्तर काळात के. एस. थिंड व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मसुरीच्या टेकड्यांवरील श्लेष्मकवकांची लेखमाला चालविली. दक्षिणेत अग्निहोत्रुडू यांनी असेच काम केले. थिंड यांचा भारतीय श्लेष्मकवकांवरील ग्रंथ 1977 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रकाशित केला. पाठोपाठ 1981 मध्ये लखनपाल व मुखर्जी यांचा वर्गीकरणविषयक ग्रंथ आला. पुण्याच्या परिसरातील व्ही. डी. रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये भारतीय श्लेष्मकवकांची सूची संकलित करून या परंपरेत महत्त्वाची भर घातली.

ही स्थळे नकाशावर मांडली असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. विद्यापीठाचे शहर आणि त्याच्या आवाक्यातील थंड हवेचे ठिकाण ही जोडी सर्वेक्षणाचा मार्ग ठरवीत आली. दमट जंगलात ओंडके, शेवाळ व पालापाचोळा विपुल असल्याने एका सहलीत भरपूर नमुने हाती येतात. वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, झाडोरा विरळ असलेल्या तालुक्यात दिवसभर हिंडून रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता अधिक. परिणामी कोरड्या प्रदेशाविषयी ‘नोंद नाही’ याचा अर्थ नकळत ‘अस्तित्व नाही’ असा घेतला गेला. इतिहासलेखनात दप्तर नसलेल्या समाजाच्या वाट्याला जे येते, तेच येथे एका जीवगटाच्या वाट्याला आले.

वास्तविक हा समज दूर करणारे साधन 1933 मध्येच उपलब्ध झाले होते. गिल्बर्ट व मार्टिन हे अमेरिकी अभ्यासक जिवंत झाडांच्या सालीवरील शैवाल वाढविण्याचा प्रयत्न करीत असता त्यांना ओलसर पात्रात श्लेष्मकवके उगवलेली दिसली. यातूनच ‘आर्द्र कक्ष’ पद्धत रूढ झाली. काचेच्या तबकडीत गाळणकागद घालून त्यावर कोरडी साल वा पाचट ठेवावे, शुद्ध पाण्यात एक दिवस भिजू द्यावे, जादा पाणी ओतून द्यावे व पुढील काही आठवडे नियमित निरीक्षण करावे, एवढीच ही कृती आहे. या पद्धतीचा लाभ कोरड्या प्रदेशांच्या अभ्यासाला विशेष झाला. 1980 मध्ये ब्लॅकवेल व गिल्बर्टसन यांनी सोनोराच्या वाळवंटातील श्लेष्मकवकांची नोंद प्रसिद्ध केली. वाळवंटात जे सापडते ते भीमाकाठी नसेल, असे गृहीत धरण्यास आधार राहत नाही.

महाराष्ट्राची परंपरा व शिरूर-दौंडचे स्थान :

पुणे शहराला कवकशास्त्राची समृद्ध परंपरा आहे. 1946 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक शं. पु. आघारकर होते. आज ही संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील कवकसंग्रहाला आजरेकर यांचे नाव आहे. मा. ना. कामत व त्यांचे सहकारी पटवर्धन, राव व साठे यांनी 1971 मध्ये महाराष्ट्रातील कवकांची सूची प्रसिद्ध केली. म्हणजे संस्था, संग्रह व तज्ज्ञ हे सारे शिरूर व दौंडपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर होते. अंतर रस्त्याचे नव्हते, ते प्रश्नाचे होते.

या प्रश्नाचे मूळ अधिक जुने आहे. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने पिके, झाडे, जनावरे यांची तपशीलवार नोंद केली. ही नोंद प्रशासनाची गरज म्हणून झाली. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची सिद्ध केली, पण ती प्रामुख्याने सपुष्प वनस्पतींची होती. बुरशीला लोकांच्या बोलीत नाव मिळाले ते नुकसानीमुळे किंवा उपयोगामुळे. तांबेरा, काणी, भुरी, केवडा ही नावे शेतकऱ्याने सोसलेल्या हानीतून आली, तर अळिंबी हे नाव खाण्यातून. श्लेष्मकवक क्वचितच पिकाचे नुकसान करते आणि ताटातही येत नाही. सरकार दप्तर आणि लोकव्यवहार या दोन्ही वाटांनी ते निसटले.

वास्तविक या दोन तालुक्यांत अधिवासांची विविधता कमी नाही. भीमा नदी त्यांच्या सीमेवरून वाहते. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडमध्ये, तर चासकमान व कुकडी प्रकल्पांच्या कालव्यांनी शिरूरमध्ये ऊस आणला. उसाबरोबर पाचट आले, गुऱ्हाळे आली. जिरायत माळावरची बाभूळ, हिवर, बांधावरचा कडुनिंब, मोराच्या चिंचोलीची चिंचेची झाडे आणि बागायतीतील कुजणारे पाचट हे आर्द्र कक्षासाठी परस्परभिन्न असे आधारद्रव्य ठरते. पाण्याने शेती बदलली तसे हे सूक्ष्म जगही बदलले असणार. मात्र बदलापूर्वीची नोंदच नसल्याने तुलना कशाशी करावी, हा खरा पेच आहे.

मिनाकाताचे उदाहरण :

या संदर्भात जपानच्या मिनाकाता कुमागुसु यांचे कार्य उद्बोधक ठरते. कोणत्याही विद्यापीठाचे पद नसलेल्या या अभ्यासकाने तानाबे या लहान गावी राहून श्लेष्मकवके गोळा केली. त्यांच्या बागेतील झाडावर सापडलेल्या एका नव्या श्लेष्मकवकाला गुलिएल्मा लिस्टर यांनी 1921 मध्ये त्यांचे नाव दिले. 1906 पासून जपानी सरकारने लहान देवस्थाने एकत्र करण्याचे धोरण राबविले. त्यामुळे देवळांभोवतीची राने तोडली जाऊ लागली. मिनाकातांनी त्यास विरोध केला व 1910 मध्ये त्यांना त्यापायी अटकही झाली. 1929 मध्ये सम्राट हिरोहितो तेथे आले असता मिनाकातांनी त्यांना 110 नमुने भेट दिले, तेही मिठाईच्या साध्या खोक्यांतून.

महाराष्ट्रातील वाचकास येथे देवराईंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवराईंचा अभ्यास करून धार्मिक श्रद्धा व निसर्गरक्षण यांचा संबंध दाखविला. शिरूर-दौंडमध्ये घाटासारख्या घनदाट राया नाहीत, परंतु म्हसोबाच्या, बिरोबाच्या ठाण्यामागची जुनी झाडे आहेत. मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे भोवती फरशी घालणे, असा समज दृढ होत असताना या झाडांच्या सालीवर काय जगते हे पाहून ठेवणे अगत्याचे आहे.

श्लेष्मकवकाचा अभ्यास निरुपयोगी कुतूहल आहे, असेही म्हणता येत नाही. 2000 मध्ये नाकागाकी व सहकाऱ्यांनी फायझेरम पॉलिसेफॅलम हे श्लेष्मकवक भूलभुलैयातून अन्नाकडे जाणारा सर्वात जवळचा मार्ग शोधते, असे दाखविले. 2010 मध्ये टोकियो व भोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे कण ठेवले असता याच सजीवाने तेथील लोहमार्गांच्या जाळ्याशी तुल्य असे जाळे विणले. दौंडसारख्या लोहमार्गांच्या संगमावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रयोग सांगितला, तर त्यास विषयाची गोडी लावण्यासाठी वेगळी प्रस्तावना करावी लागणार नाही.

जतनाचा प्रश्न :

या ठिकाणी एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. एम.फिल.च्या काळात जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी लेखक एका महाविद्यालयात गेला असता तेथे खोली रिकामी करण्याचे काम सुरू होते. रद्दीच्या ढिगात काडेपेट्यांनी भरलेले एक खोके होते. काही पेट्यांवर गावाचे नाव व तारीख होती, बाकीच्यांवरील शाई पुसली गेली होती. आत काय आहे हे तेव्हा लेखकास कळले नाही व त्याने ते वाचविण्याचा प्रयत्नही केला नाही. पुढे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याने काडेपेटीतील संग्रहाची पद्धत समजावून सांगितली तेव्हा त्या खोक्याचा अर्थ लागला. जुन्या दप्तरांसाठी हळहळणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक दप्तर डोळ्यांदेखत जाऊ दिले, ही खंत प्रस्तुत लेखामागे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने एम.फिल. पदवी बंद झाली. त्या पदवीसाठी झालेली स्थानिक सर्वेक्षणे व लघुप्रबंध ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. नवी भर थांबल्याने जुन्याचे मोल वाढले आहे. दुसरीकडे 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. लोकांना नाव ठाऊक असलेले सजीव अशा नोंदवहीत सहज येतात. ज्यांना नावच नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयाने पुढे यावयास हवे.

निष्कर्ष :

1) श्लेष्मकवकांच्या नोंदीचा भूगोल हा सजीवांच्या वितरणाइतकाच अभ्यासकांच्या प्रवासाचा भूगोल आहे.
2) नोंदीचा अभाव हा अस्तित्वाच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही. आर्द्र कक्ष पद्धतीमुळे कोरड्या तालुक्यांचे सर्वेक्षण ग्रामीण महाविद्यालयाच्या साधनांतही शक्य आहे.
3) स्थळ व दिनांकासह जपलेला नमुना हा ऐतिहासिक दस्तऐवज होय. त्याचे जतन ही केवळ एका विभागाची जबाबदारी नाही.
4) इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून तालुक्यातील जुने लघुप्रबंध व संग्रह यांची सूची करणे ही पहिली पायरी ठरावी. नमुन्यांची प्रत पुण्यातील मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावी.

घोड व भीमेच्या काठचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आपण दुष्काळ व कालवा यांच्या भाषेत लिहिला. त्याच पाण्याने ओलावलेल्या पाचटावर काय उगवले, हे लिहिणे बाकी आहे. ते लिहिण्यासाठी एक तबकडी, एक काडेपेटी आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली तारीख एवढे पुरेसे आहे.