भीमाकाठचे परके

शिरूर आणि दौंड या तालुक्यांची हद्द आज बऱ्याच अंतरापर्यंत भीमा नदीवरून जाते आणि तिला महसुली सोयीपलीकडे फारसा अर्थ उरलेला नाही. परंतु १६३६ मध्ये शहाजहान व विजापूरचा आदिलशहा यांच्यात तह होऊन निजामशाहीचा मुलूख वाटला गेला, तेव्हा याच नदीच्या उत्तरेस मोगली आणि दक्षिणेस आदिलशाही अंमल ठरला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारांनी भीमा ओलांडून चांभारगोंद्यापर्यंत, म्हणजे आजच्या श्रीगोंद्यापर्यंत धडक मारली, ती मोगलांशी उघड वैर पत्करूनच. पुढच्या शतकात ही सरहद्द मराठी राज्याच्या पोटात विरून गेली आणि आज तिची आठवण कोणत्याही गावकीत निघत नाही.

सरहद्द विरली की परक्याविषयीचा आकसही ओसरतो, ही समजूत मात्र या मुलखात अर्धीच खरी ठरते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर कंपनीची तैनाती फौज, म्हणजे खर्च पेशव्याचा पण हुकूम इंग्रजांचा अशी फौज, घोडनदीकाठी शिरूर येथे राहू लागली. तिच्यातील कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये शिरूरलाच वारला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात नोंद आहे, की आसपासचे लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढे ठेवत. राज्य बुडवणाऱ्या फौजेतील अधिकाऱ्याला धान्याच्या पहिल्या मुठीचा मान मिळावा, ही लहान गोष्ट नव्हे. पण हा परका वतनात वाटेकरी नव्हता, पाणवठ्यावर हक्क सांगत नव्हता आणि पंगतीत बसण्याचा आग्रहही धरत नव्हता.

जो शेजारी हे सारे मागू शकत होता, त्याचा इतिहास कोरेगावच्या रणस्तंभावर कोरलेला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून रात्रभर चालून आलेल्या कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीची पेशव्यांच्या फौजेशी कोरेगाव भीमा येथे दिवसभर झुंज झाली. पेशव्यांच्या पायदळात अरब होते, तर कंपनीच्या पलटणीत मोठ्या संख्येने महार शिपाई. त्यामुळे देशी विरुद्ध परदेशी अशी सरळ विभागणी या लढाईला लावता येत नाही. १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या स्तंभावर ४९ नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजातील प्रत्यय येतो. इंग्रजांनी तो आपल्या विजयासाठी उभारला खरा, पण १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे भेट दिल्यानंतर तो अस्पृश्य ठरवल्या गेलेल्यांच्या पराक्रमाची व स्वाभिमानाची खूण बनला. हा अर्थबदल न्याय्य होता, कारण ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांना गावाच्या अभिमानाचा कर भरण्यास सांगणे अन्यायाचेच ठरले असते.

खरा तेढीचा प्रश्न आता दोन राज्यांमधला राहिलेला नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ मध्ये त्यांचे अंत्यसंस्कार कोणी केले, यासंबंधी गोविंद गोपाळ महार यांचे नाव सांगणाऱ्या परंपरेवरून आणि गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वाद पेटला. पाठोपाठ १ जानेवारी २०१८ रोजी स्तंभाकडे निघालेल्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या आणि हिंसाचारात एका तरुणाचा जीव गेला. दगड मारणारे आणि झेलणारे यांची भाषा एक होती, राज्य एक होते आणि संभाजी महाराजांवर दोघांचाही तितकाच हक्क होता.