‘सांग त्यांना, तू भारतीय आहेस’ : मुद्रूरू आणि वंशाचा पुरावा

१९६५ साली ऑस्ट्रेलियात ‘वाइल्ड कॅट फॉलिंग’ ही छोटेखानी कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक कॉलिन जॉन्सन. ऑस्ट्रेलियातील आदिवासी माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी, अशी तिची ओळख करून देण्यात आली आणि पुढची तीस वर्षे ती पाठ्यपुस्तकांतून, वाङ्मयेतिहासांतून तशीच चालत राहिली. १९९६ मध्ये हा लेखक आदिवासी नाहीच, अशी बातमी वृत्तपत्रीय पुरवणीत आली आणि ‘पहिली’ हे विशेषण एकाएकी निराधार झाले. ते विशेषण दिले कोणी आणि काढून घेतले कोणी, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे विचारले जातात. ते एकत्र विचारल्याशिवाय या प्रकरणाचा अर्थ लागत नाही, असे मला वाटते.

जॉन्सन यांचा जन्म १९३८ सालचा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॅरोजिन गावाजवळचा. वडिलांचे छत्र नाही, घरात दारिद्र्य. वयाच्या नवव्या वर्षी त्यांची रवानगी क्लॉन्टार्फ येथील ख्रिस्ती बंधूंच्या अनाथालयात झाली. तिथून बाहेर पडल्यावर किरकोळ गुन्हे आणि फ्रीमँटलचा तुरुंग. त्या काळातील पश्चिम ऑस्ट्रेलियाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. १९०५ च्या कायद्याने आदिवासी मुलांचे पालकत्व सरकारी ‘संरक्षका’कडे सोपवले होते आणि मिश्र रक्ताच्या मुलांना आईपासून तोडून संस्थांमध्ये टाकणे हे राज्याचे अधिकृत धोरण होते. सावळ्या रंगाचा, बाप नसलेला, संस्थेत वाढलेला, तुरुंगात जाऊन आलेला मुलगा. पोलिसांच्या नजरेत तो कोण होता, हे सांगायला वंशावळीची गरज नव्हती.

तुरुंगातून सुटल्यावर मेरी ड्युरॅक या प्रतिष्ठित लेखिकेने त्यांना आधार दिला. ड्युरॅक घराणे म्हणजे किंबर्ली प्रदेशातील मोठे पशुपालक जमीनदार. पहिल्या कादंबरीला प्रस्तावनाही मेरीबाईंचीच. ही प्रस्तावना प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. ती फार चांगली आहे म्हणून नव्हे, तर ओळख कशी ‘लिहिली’ जाते याचा तो नमुना आहे म्हणून. या तरुणाच्या रूपात आदिवासी रक्ताची खूण फारशी दिसत नाही, हे त्या मान्य करतात. पण त्याच्या उभे राहण्यात, चालण्याच्या ढबीत त्यांना टोळीतल्या उंच आदिवासी पुरुषाचा डौल दिसतो. थोडक्यात, पुरावा दिसत नाही तिथे चालीतून पुरावा काढला जातो. एका गोऱ्या जमीनदारकन्येच्या या निरीक्षणावर ‘पहिला आदिवासी कादंबरीकार’ ही पदवी उभी राहिली. जॉन्सन यांनी ती नाकारली नाही.

इथे एक विषयांतर करतो. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्यांची पडताळणी करताना कागदपत्रांबरोबर ‘आप्तभाव चाचणी’ घेतली जाते : कुलदैवत कोणते, लग्नविधी कसे, मयताचे संस्कार कोणते. १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून ही पद्धत रूढ झाली; मात्र ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. आपल्याकडे निदान प्रश्न तरी विचारले जात होते. मेरीबाईंची आप्तभाव चाचणी नुसत्या नजरेने पार पडली.

आता कादंबरीकडे पाहू. नायकाला नाव नाही. तुरुंगातून सुटलेला, मिश्र रक्ताचा एक तरुण. त्याची आई आपले आदिवासीपण झाकते, मुलाने नूंगार लोकांत मिसळू नये म्हणून धडपडते. पुन्हा गुन्हा करून, एका पोलिसावर गोळी झाडून तो रानात पळतो, तेव्हा एक वृद्ध आदिवासी त्याला त्याच्या आईचे खरे मूळ सांगतो आणि तो कोणाचा आहे हे त्याला प्रथम कळते. १९९६ नंतर हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. कादंबरीत म्हातारा येतो आणि नाते जोडून देतो. प्रत्यक्षात थोरल्या बहिणीने घराण्याचा शोध घेतला आणि नाते तुटले. आईचे कूळ आयरिश. वडिलांचे वडील अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातून आलेले कृष्णवर्णीय. रंग होता, पण तो दुसऱ्या खंडातून आलेला होता.

दरम्यानच्या काळात जॉन्सन यांनी काही वर्षे भारतात बौद्ध भिक्षू म्हणून घालवली, परतून लेखन केले. १९८३ ची त्यांची वुरेड्डीवरील कादंबरी टास्मानियातील आदिवासींचा संहार त्यांच्याच डोळ्यांनी पाहू पाहते. माझ्या मते ती त्यांची सर्वोत्तम कृती. गोऱ्यांच्या वसाहतीला दोनशे वर्षे झाल्याचा सोहळा १९८८ मध्ये साजरा झाला, तेव्हा कवयित्री कॅथ वॉकर यांनी निषेध म्हणून उडगेरू हे नाव घेतले आणि त्यांच्या सुचवण्यावरून जॉन्सन मुद्रूरू झाले. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : कागदासारखी साल असलेले झाड. पुढे मर्डॉक विद्यापीठात ते आदिवासी अध्ययनाचे प्रमुख झाले. १९९० मध्ये त्यांचा ‘रायटिंग फ्रॉम द फ्रिंज’ हा समीक्षाग्रंथ आला. या ग्रंथात ते केवळ लेखक राहिले नाहीत, न्यायाधीश झाले. अस्सल आदिवासी लेखन कोणते, गोऱ्या वाचकाच्या सोयीचे कोणते, याचा निवाडा ते करू लागले.

त्या निवाड्यात सर्वांत कठोर शेरा वाट्याला आला तो सॅली मॉर्गन यांच्या ‘माय प्लेस’ला. १९८७ चे हे आत्मकथन अफाट खपले होते. आपण आदिवासी आहोत हे सॅलीला पौगंडावस्थेत कळते, मग ती आई आणि आजीकडून कुटुंबाची दडपलेली कहाणी हळूहळू काढून घेते. मुद्रूरूंना हे पुस्तक फार गोंडस, व्यक्तिकेंद्री, गोऱ्यांना न दुखावणारे वाटले. हा शेरा पूर्णतः अन्यायकारक होता असे म्हणवत नाही. पण तो कोणत्या आसनावरून दिला गेला, हे सहा वर्षांनी दिसले.

मॉर्गन यांच्या पुस्तकातील एक तपशील आपल्याला थबकायला लावतो. शाळेत मुले विचारतात, तुम्ही कुठले? घरातून उत्तर मिळते : सांगा, आम्ही भारतातले. आदिवासी म्हटले की मुले हिरावली जाण्याची भीती. भारतीय म्हटले की रंगाचा खुलासाही होतो आणि सरकारी संरक्षकाचा ससेमिराही टळतो. जिने आपण होऊन स्वतःचे मूळ झाकले, तिच्या नातीला ते शोधून काढावे लागले. आणि मुद्रूरूंनी १९९७ साली आपली बाजू मांडणारा जो निबंध लिहिला, त्याचे शीर्षकच ‘टेल देम यू आर इंडियन’ असे आहे. आपली आदिवासी ओळख मेरी ड्युरॅक यांनी ठरवली, समाजाने आपल्याला तसेच वागवले, मग ते आयुष्य खोटे कसे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही. अनाथालय खरे, तुरुंग खरा, रंगावरून झालेला छळ खरा. त्याच काळात उघड झालेल्या दुसऱ्या प्रकरणांशी त्यांची तुलना करणे हा मला आळशीपणा वाटतो. वांडा कुलमाट्री या आदिवासी स्त्रीचे म्हणून गाजलेले आत्मकथन लिऑन कार्मेन नावाच्या गोऱ्या पुरुषाने लिहिल्याचे १९९७ मध्ये बाहेर आले. तो सरळ बनाव होता. त्याच वर्षी एडी बरप हा आदिवासी चित्रकार अस्तित्वातच नसून ती चित्रे एलिझाबेथ ड्युरॅक यांची आहेत, हे उघड झाले. एलिझाबेथ या मेरीबाईंच्या सख्ख्या बहीण! एका बहिणीने दुसऱ्याला आदिवासी ठरवले, दुसरीने स्वतःलाच. हे पाहिले की मनात प्रश्न येतो, या घराण्याला आदिवासीपण म्हणजे आपल्या कुरणांसारखीच मालमत्ता वाटत होती काय?

उलट बाजूही विसरता येत नाही. आदिवासी लेखक डेव्हिड युनायपन यांनी जमवलेल्या आणि लिहिलेल्या कथा १९३० मध्ये विल्यम रॅम्से स्मिथ या गोऱ्या डॉक्टरच्या नावाने पुस्तकरूपात आल्या. युनायपन यांचा उल्लेखही नव्हता. ज्या समाजाच्या लेखकाचे नाव असे पुसले गेले, त्या समाजाने ‘हा आमचा आहे का?’ असे विचारले तर त्याला रक्तशुद्धीचे वेड म्हणता येणार नाही.

आणि इथेच मुद्रूरूंचा बचाव मला अपुरा वाटतो. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकापासून आदिवासी ओळखीच्या तीन कसोट्या मानल्या जातात : वंश, स्वतःचा दावा आणि समाजाने केलेला स्वीकार. पहिली कसोटी क्रूर आहे, कारण ज्यांची कुटुंबे सरकारनेच तोडली त्यांच्याकडून वंशावळीचे कागद कसे मागणार? कुटुंबांपासून तोडलेल्या मुलांसंबंधीचा राष्ट्रीय चौकशी अहवाल १९९७ चाच आहे. मुद्रूरूंच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांनी हाच मुद्दा मांडला. परंतु नूंगार ज्येष्ठांनी त्यांच्याकडे केवळ कागद मागितले नव्हते. या, बसा, तुमचे नाते कोणाशी ते सांगा, असे ते बोलावणे होते. तिसऱ्या कसोटीची ती संधी होती. मुद्रूरू गेले नाहीत. त्यांनी निबंध लिहिला, आणि तोही विद्वानांच्या संग्रहात. आयुष्यभर ‘समूह’ हा शब्द समीक्षेच्या केंद्रस्थानी ठेवणाऱ्या माणसाने समूहाला उत्तर दिले नाही. आजोबा अमेरिकेतून आले हा त्यांचा दोष नव्हे. हे मौन मात्र त्यांचे स्वतःचे होते.

पुस्तकांचे काय करायचे, हा अध्यापकांचा खरा पेच. ऑस्ट्रेलियात अनेक अभ्यासक्रमांतून ती निमूट गळाली. मला हे पटत नाही. ‘वाइल्ड कॅट फॉलिंग’ मेरीबाईंच्या प्रस्तावनेसकट शिकवावी. प्रस्तावना वगळली तर वर्गात एक जुनी, बरी कादंबरी उरते, प्रस्तावनेसह एका देशाची नजर वाचता येते. आणि ‘पहिली आदिवासी कादंबरी’ हा मान ज्यांच्याकडे जातो, त्या मोनिका क्लेअर यांच्या १९७८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘करोब्रान’लाही त्याच अभ्यासक्रमात जागा मिळावी. वादात तीस वर्षांचा मानकरी सर्वांच्या तोंडी राहिला. जिचा मान होता ती बाजूलाच.

मुद्रूरू २००१ मध्ये ऑस्ट्रेलिया सोडून गेले आणि पुढे दीर्घकाळ नेपाळात राहिले. २०११ मध्ये ते ब्रिस्बेनला परतले. २०१७ मध्ये ‘बाल्गा बॉय जॅक्सन’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी आली, तिची फारशी दखल घेतली गेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही नूंगार ज्येष्ठांचा तो प्रश्न अनुत्तरितच होता.