चवदार तळ्याचा दावा आणि कोर्टाचे शब्द

कोर्टाच्या समन्सवर 'प्रतिवादी' म्हणून आपले नाव दिसले की वस्तीतला माणूस हादरतो. त्याला वाटते, आपण आरोपी झालो. पण आरोपी फौजदारी खटल्यात असतो. दिवाणी दाव्यात मागणी करतो तो वादी आणि ज्याच्याविरुद्ध मागणी असते तो प्रतिवादी. महाडच्या दाव्यात खुद्द बाबासाहेब प्रतिवादी होते.

२० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरू नये अशी जुनी रूढी आहे, हे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

तात्पुरता मनाईहुकूम म्हणजे निकाल नव्हे. दाव्याचा निर्णय होईपर्यंत घातलेली ती बंदी असते. बाबासाहेबांनी हा फरक ओळखला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र पुढे ढकलला. याला माघार म्हणणाऱ्यांनी पुढची दहा वर्षे पाहावीत.

दिवाणी कोर्टात जो सांगतो त्याने सिद्ध करायचे असते. यालाच पुराव्याचा भार म्हणतात. रूढी आहे असे वादी सांगत होते, म्हणून तो भार त्यांच्यावर होता. खालच्या कोर्टात ते हरले, अपिलात हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही त्यांचे अपील फेटाळले. अनादी काळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही.

इथे एक गोष्ट आम्हाला ठासून सांगायची आहे. रूढी सिद्ध झाली नाही, असे हायकोर्ट म्हणाले. अस्पृश्यता अन्याय आहे, या मुद्द्यावर तो निकाल उभा नव्हता. म्हणजे पुरावा भक्कम असता तर पाणी बंद राहण्याचा धोका होता! ही वाट संविधानाने बंद केली. कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढीही धरली आहे. मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी कितीही जुनी असो, ती रद्द. कलम १५ मध्ये विहिरी आणि तलाव नाव घेऊन लिहिले आहेत. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली.

म्हणून आम्ही म्हणतो, कोर्टाची भाषा वकिलांवर सोडून देऊ नका. हातात आलेला कागद तारखेसकट वाचा, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातल्या 'शिका'मध्ये हेही आले.

जय भीम!