सीपीयूचं झाकण उघडणाऱ्यांचा इतिहास

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्यातल्या पंख्याखाली दडलेली बिस्किटाएवढी चिप. पण बोलीभाषेत सगळा डबाच सीपीयू झाला आणि त्याच्या बाजूचं झाकण हे अनेक घरांमधलं उघडता येणारं पहिलं तंत्रज्ञान ठरलं. मागचे दोन स्क्रू काढायचे, पत्रा मागे सरकवायचा, की आत काय चाललंय ते दिसतं. हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याला असं झाकण नाही. त्याची रॅम वाढवता येत नाही, ग्राफिक चिप बदलता येत नाही. गेम अडखळायला लागला की नवा फोन, एवढाच मार्ग.

जुना डेस्कटॉप मात्र सुधारता येतो. तो तसा का आहे, हे मी शोधायला लागले तेव्हा कळलं की यात कुणा एका कंपनीचा उदारपणा नाही. थोडी घाई, थोडे योगायोग आणि गेम खेळणाऱ्यांचा हट्ट, यातून हे घडत गेलं.

घाईत बनलेलं मशीन

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथल्या डॉन एस्ट्रिज यांच्या चमूला हातात साधारण वर्षभराचा वेळ होता. सगळं स्वतः बनवायला तेवढा वेळ पुरेसा नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे भाग जोडले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. आत जादा कार्डं खोचायला पाच स्लॉट ठेवले आणि सर्किटच्या आकृत्यांसकट तांत्रिक माहितीपुस्तक छापून विकलं. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांना त्या स्लॉटमध्ये बसणारी कार्डं बनवता आली.

आयबीएमची खास म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे बायोस. कॉम्पॅकने ती अडचण दोन गट करून सोडवली. एका गटाने आयबीएमची बायोस अभ्यासून ती काय काय करते हे लिहून काढलं. तो कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. १९८३ मध्ये कॉम्पॅकचं मशीन लोकांच्या हातात पडलं आणि 'आयबीएम कंपॅटिबल' नावाची नवी जात जन्माला आली.

आयबीएमने पुढे हे दार लावून घ्यायचा प्रयत्न केला. १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉट आणला, ज्यासाठी इतरांनी परवाना घ्यायचा होता. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डंही चालतील असा स्वतःचा स्लॉट त्यांनी जाहीर केला. मायक्रो चॅनल मागे पडला. आज तुम्ही कुठल्याही कंपनीचं ग्राफिक कार्ड कुठल्याही कंपनीच्या मदरबोर्डवर लावू शकता, त्यामागे ही भांडणं आहेत.

डेव्ह ते डूम

आपल्याकडच्या शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नव्वदच्या दशकात 'डेव्ह' आणि 'प्रिन्स' यांचं राज्य होतं. त्या मशिनांवर कधीकधी 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करायला व्हायचा. जुने काही गेम प्रोसेसरच्या गतीवरच चालायचे. वेगवान मशीनवर त्यातली पात्रं भिंगरी लावल्यासारखी पळत सुटायची, म्हणून लगाम हवा होता. गेमच्या मानाने मशीन जास्त वेगवान असण्याचा तो काळ होता.

तो काळ संपवणाऱ्यांपैकी एक होता जॉन रोमेरो, म्हणजे ज्याने डेव्ह बनवला तोच. रोमेरो आणि जॉन कारमॅक यांच्या 'आयडी सॉफ्टवेअर'ने १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' सोडला. पहिला भाग फुकट होता, त्यामुळे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो पसरत गेला. त्याला किमान ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम लागायची. ३८६ वर तो चालायचा, पण खिडकी आक्रसून पोस्टकार्डाएवढी करावी लागे. शेजारच्या ४८६ वर तोच गेम पूर्ण पडद्यावर पळताना दिसला की आपलं मशीन जुनं झालंय हे कुणी सांगायची गरज उरत नसे. पत्र टाइप करायला जुनं मशीन अजूनही पुरेसं होतं. ते अपुरं आहे, हे गेमने दाखवलं.

जून १९९६ मध्ये आलेल्या 'क्वेक'ने आणखी एक धडा दिला. त्यात भिंतींवरचं चित्र लांबीनुसार बरोबर दिसावं म्हणून सतत भागाकार करावे लागत. पेंटियमच्या आत दशांशाचं गणित करणारा वेगळा विभाग होता आणि तो एका बाजूला भागाकार करत असताना बाकीचा प्रोसेसर दुसऱ्या बाजूला पिक्सेल रंगवत राहायचा. क्वेकचा कोड नेमका यावर बेतलेला होता. त्या वेळचा सायरिक्सचा ६x८६ प्रोसेसर ऑफिसच्या कामात पेंटियमला टक्कर द्यायचा, किमतीतही परवडायचा, पण दशांशाच्या गणितात कच्चा होता. क्वेकमध्ये तो उघडा पडला. 'प्रोसेसर चांगला की वाईट' याऐवजी 'कशासाठी चांगला' हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला.

ती 'टिक'

त्याच वर्षाच्या अखेरीला ३डीएफएक्स कंपनीची 'व्हूडू' चिप घरगुती कार्डांवर आली. आधी ही चिप आर्केडमधल्या नाणी टाकून खेळायच्या मशिनांसाठी होती. घरगुती ग्राहकाला ती परवडली, कारण १९९६ मध्ये मेमरीचे भाव कोसळले आणि ४ एमबी मेमरीचं कार्ड आवाक्यात आलं.

हे कार्ड विचित्र होतं. साधं चित्र त्याला काढताच येत नसे. जुनं ग्राफिक कार्ड तसंच ठेवायचं, त्यातून एक केबल व्हूडूत घालायची आणि व्हूडूतून मॉनिटरला. एरवी ते गप्प बसायचं. थ्रीडी गेम सुरू केला की काही कार्डांमधला रिले 'टिक' असा आवाज करायचा आणि पडदा व्हूडूच्या ताब्यात जायचा. जानेवारी १९९७ मध्ये क्वेकची ग्राफिक कार्डासाठीची आवृत्ती आली. आधीच्या चौकटीचौकटींच्या भिंती मऊ दिसू लागल्या आणि मशीन तेच असूनही गेम वेगळा वाटू लागला. जुना डबा न टाकता त्यात एक कार्ड खोचून पिढी ओलांडता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

१९९८ चा सेलेरॉन ३००ए हा या गोष्टीतला लाडका नायक. इंटेलने तो स्वस्त ग्राहकांसाठी काढला होता. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचारपट गतीने, म्हणजे ३०० वर चालायचा. साडेचारचा गुणक कुलूपबंद होता, बस नव्हती. योग्य मदरबोर्डवर बस १०० केली की गुणाकार ४५०. त्यातली कॅश मेमरी फक्त १२८ केबी होती, पण प्रोसेसरच्याच पूर्ण गतीने धावणारी. महागड्या पेंटियम टू मध्ये ५१२ केबी होती, पण निम्म्या गतीची. त्यामुळे अनेक गेममध्ये हा गरीब भाऊ श्रीमंत भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. प्रत्येक चिपला हे जमायचं नाही, पण इतक्यांना जमलं की त्याची दंतकथा झाली.

ग्रँट रोडच्या पूर्वेला

मुंबईत या सगळ्याचं ठिकाण म्हणजे लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावाचा हा रस्ता आता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षं चालला. रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार इथे आधीपासून होता, त्याच दुकानांमध्ये पुढे कॉम्प्युटरचे भाग आले.

ब्रँडेड मशीन महाग, म्हणून मध्यमवर्गाने 'असेंबल्ड' घेतलं. कागदावर कोटेशन लिहून घ्यायचं, ते चार दुकानांत फिरवायचं, कॅबिनेट आणि एसएमपीएसवर पैसे वाचवायचे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराचा भाग झाला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरचं आयातशुल्क शून्यावर आलं. त्या आठ वर्षांत घरोघरी डेस्कटॉप पोचले.

आमच्याकडे तो २००३ मध्ये आला. अधिकृत कारण एकच : अभ्यास. त्याच वर्षी 'व्हाइस सिटी' पीसीवर आला होता. त्याला ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड हवं होतं. आमच्याकडे वेगळं कार्ड नव्हतं, मदरबोर्डवरचीच ग्राफिक चिप होती आणि ती आपली मेमरी मुख्य रॅममधूनच घ्यायची. म्हणजे १२८ मधले काही एमबी आधीच गेलेले. भाऊबीजेच्या ओवाळणीच्या पैशांतून १२८ ची आणखी एक स्टिक आणली. ओवाळणी माझी होती, त्यामुळे कीबोर्डवर पहिला हक्कही माझा. गाडी पुलावर न अडखळता चढली, तेव्हा दादाने मागून मान हलवून मान्यता दिली.

त्या काळच्या स्वस्त मशिनांत इंटेलचा ८४५जीव्ही हा चिपसेट बराच दिसायचा. नावातला 'व्ही' लहानसा होता, पण त्याचा अर्थ असा की बोर्डावर ग्राफिक कार्डासाठी एजीपी स्लॉटच नाही. ऑफिससाठी तो बोर्ड उत्तम होता. पण २००३-०४ नंतरच्या काही गेमना 'पिक्सेल शेडर' येणारी चिप लागायची आणि तिथे रॅम कितीही वाढवून भागत नसे. आज काय घेतोय यापेक्षा उद्या काय लावता येईल, हे विकत घेतानाच ठरतं, हे तेव्हा एका पिढीला कळलं.

व्हूडूवाल्यांचं काय झालं? ३डीएफएक्सने कार्डं बनवणारी एसटीबी ही कंपनी विकत घेतली आणि आपली कार्डं स्वतःच विकायला सुरुवात केली. आधी त्यांच्या चिपा घेऊन कार्डं बनवणाऱ्या कंपन्या साहजिकच एनव्हिडियाकडे वळल्या. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणून 'जीपीयू' हा शब्द रुळवला. डिसेंबर २००० मध्ये ३डीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचा करार केला. दार बंद करायला गेलेली कंपनी मागे पडण्याची ही दुसरी खेप.

एक बैल धष्टपुष्ट, एक मरतुकडा

माझ्या टेबलाखाली आज २०१२ च्या सुमाराचा, एका ऑफिसने भंगारात काढलेला डेस्कटॉप आहे. आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. त्याला सुधारताना वरचा सगळा इतिहास कामी आला. बैलगाडीला एक बैल धष्टपुष्ट आणि दुसरा मरतुकडा असेल, तर गाडी मरतुकड्याच्या चालीने चालते. म्हणून आधी मरतुकडा शोधायचा. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघायचा. ग्राफिक कार्ड सतत ९९ टक्क्यांवर असेल तर मर्यादा त्याची. ते निवांत आणि प्रोसेसर तापलेला असेल तर मर्यादा प्रोसेसरची. रॅम भरून डिस्कचा दिवा अखंड जळत असेल तर रॅम.

मी पहिल्यांदा धूळ काढली आणि प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली. तापलेला प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो, त्यामुळे हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड. मग एसएसडी. त्याने गेममधले फ्रेम वाढत नाहीत, पण लोडिंगची वाट पाहणं संपतं. मग रॅमची एकसारखी जोडी, म्हणजे दोन्ही चॅनल वापरले जातात. शेवटी सेकंडहँड जीटीएक्स ७५० टीआय. २०१४ चं हे कार्ड ६० वॅटवर चालतं आणि स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. म्हणजे ऑफिसच्या किरकोळ एसएमपीएसवरही वेगळी वायर न लावता ते उभं राहतं. जुने गेम आणि हलके ऑनलाइन गेम त्यावर मजेत चालतात. नवे मोठे गेम चालत नाहीत, आणि त्यासाठी आणखी पैसे या डब्यात ओतण्यात अर्थही नाही.

पण आता अडसर वेगळा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात, आणि माझा प्रोसेसर त्या यादीत नाही. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट'ही टीपीएम २.० मागतो. सुरक्षा आणि चीटिंग रोखणं ही त्यामागची कारणं खरी आहेत. तरीही डूमच्या काळात मशीन दमलं म्हणून बाद व्हायचं, आता ते न दमताही बाद होतं, हा फरक उरतोच. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं व्हॉल्व्हचं 'प्रोटॉन' २०१८ पासून आहे, त्याने बरेच गेम वाचतात. अँटी-चीटवाले बरेच गेम मात्र तिथे अडतात.

दुसरीकडे, एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण आहे. २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर फक्त बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी हा खास गेमिंगचा प्रोसेसर बसतो. पाच वर्षांच्या अंतराने आलेले दोन भाग एकमेकांशी बोलतात. म्हणजे ठरवलं तर जमतं. भारत सरकारनेही २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहेत. दुरुस्ती हा हक्क मानला गेला, तर सुधारणा त्याच्या शेजारच्याच घरात राहते.

लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली येतेय, फोन गोंदाने चिकटवलेले येतात. पातळपणा, टिकाऊपणा, पाण्यापासून संरक्षण अशी कारणं दिली जातात आणि त्यात तथ्यही आहे. पण मायक्रो चॅनलच्या वेळीही कारणं चांगलीच होती, तो स्लॉट जुन्यापेक्षा खरोखर वेगवान होता. लोकांनी तरीही जुनी कार्डं चालणारा डबा निवडला, म्हणून तो टिकला. पुढच्या वेळी काही विकत घेताना फ्रेम रेटच्या आधी तीन गोष्टी विचारा : झाकण उघडतं का, रॅम सुटी आहे का, एखादा स्लॉट रिकामा आहे का? दुकानदार सुरुवातीला चमकेल. पुरेशा लोकांनी विचारलं, तर तो उत्तरं तयार ठेवायला लागेल.