मागे गाडी नाही, मित्र नाही

सेल्फ-सपोर्टेड माउंटन बाइक रेस म्हटलं की लोक म्हणतात, अमेरिकेतलं खूळ. 1999 मध्ये जॉन स्टॅमस्टॅडने ग्रेट डिव्हाइडची सुमारे 4,000 किलोमीटरची वाट 18 दिवसांत एकट्याने मारली, हे खरंच. पण आपल्या मुंबईतून 1923 च्या ऑक्टोबरमध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. 1928 च्या मार्चमध्ये ती पूर्ण करून परतले तिघंच: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा. सुमारे 71,000 किलोमीटर, आणि मागे सपोर्टची गाडी नाही!

त्याआधी 1913 च्या टूर द फ्रान्समध्ये यूजीन क्रिस्तोफचा फोर्क डोंगरात तुटला. सायकल खांद्यावर घेऊन तो पायी खाली गावात आला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच फोर्क जोडला. भाता एका पोराने हलवला म्हणून वर दंड! आजच्या रेसमध्ये हे चाललं असतं, कारण वाटेतलं दुकान सगळ्यांनाच खुलं असतं. आधीपासून ठरवलेली मदत तेवढी नको.

म्हणून माझी तयारी पायांइतकीच हातांची. चेन तोडून जोडणं, ट्यूब बदलणं, तेही हेडलॅम्पच्या उजेडात. हा सराव अंगणातच, कारण रात्री आपल्या जंगलात वाघ फिरतो. दिवसा आलापल्ली ते भामरागड, सगळं सामान सायकलवर लादून. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की भामरागड तुटतं, तेव्हा दोन दिवसांचं खाणं जास्तीचं घ्यायचं, आणि पाणी पुलावर दिसलं की मुकाट मागे फिरायचं.