करोल बागेतला ड्रम

दिल्लीतील करोल बाग ही वस्ती दोन स्थलांतरांवर उभी आहे. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा झाली; पुढे नव्या नगरासाठी माधोगंज, जयसिंहपुरा, राजा का बाजार या वस्त्या उठविण्यात आल्या आणि तेथील पुष्कळ लोक पश्चिमेकडे या भागात येऊन राहिले. १९४७ साली फाळणी झाली आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथल्या गल्ल्या भरून गेल्या. मागाहून बंगाली सुवर्णकार आले, दक्षिणेकडचे नोकरदार आले, आणि सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळणारे मराठी गलाई व्यावसायिकही आले. एका मजल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा मजला चढला. भिंतीला भिंत लागली. अशा ठिकाणी एखाद्या तरुणाने ड्रम शिकावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न तालाचा नसून शेजाऱ्याचा असतो. विजेवर चालणाऱ्या ड्रमचा इतिहास कोठूनही सांगता येईल. पण त्याचे प्रयोजन समजून घ्यावयाचे तर या गल्लीतूनच निघालेले बरे.

मुळात ड्रमचा संच हेच वाद्य फारसे जुने नाही. लष्करी बँडमध्ये मोठा ड्रम एक जण वाजवी, छोटा दुसरा आणि झांजा तिसरा. अमेरिकेतील नाटकगृहांत वाद्यवृंदाला जागा थोडी आणि मालकाचा हात आखडता; तेव्हा तिघांचे काम एकट्याने करण्याची युक्ती निघाली. १९०९ साली विल्यम लडविग याने मोठा ड्रम पायाने वाजविण्याचे चपळ पेडल तयार केले आणि ही युक्ती पक्की झाली. विजेचे वाद्य वादकांच्या पोटावर पाय आणते, असा आक्षेप आज घेतला जातो. तो पाय ड्रमच्या संचाने आपल्या जन्मवेळीच आणला होता, हे मात्र सहसा कोणी आठवीत नाही.

आपल्याकडे हे वाद्य रुजविले ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकन जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, तेव्हा त्याच्याकडून शिकण्यास येथे कान तयार होते.

विजेचा ठेका प्रथम आला तो माणसाला वगळूनच. १९३१ साली लिऑन थेरेमिन याने संगीतकार हेन्री कॉवेल याच्यासाठी लय निर्माण करणारे एक यंत्र रचले. १९५९ साली वुर्लिट्झर कंपनीने ‘साइड मॅन’ नावाची पेटी विकावयास काढली. ती ऑर्गन वाजविणाऱ्यास ठराविक ठेके पुरवी. हातात काठी घेऊन वाजवावयाचा ड्रम मागाहून आला. १९८१ मध्ये ब्रिटनच्या सिमन्स कंपनीने षट्कोनी पाट्यांचा संच बाजारात आणला. दिसावयास तो मोठा ऐटबाज होता, पण पाट्या इतक्या कठीण, की वादकांची मनगटे धरू लागली. १९८५ साली जपानच्या रोलंड कंपनीचा आठ चौकटींचा ‘ऑक्टापॅड’ निघाला आणि १९९७ साली त्याच कंपनीने जाळीचे पडदे ताणलेला संच आणला. काठी उसळून परत येते, तो स्पर्श बऱ्याच अंशी या जाळीने साधला.

या पडद्याखाली एक लहानशी चकती असते. तिच्यावर दाब पडला की तीत वीज उत्पन्न होते. हा गुण क्यूरी बंधूंना १८८० मध्येच आढळला होता. आघात किती जोराचा, हे ती चकती सांगते, आणि यंत्र आपल्या साठ्यातला योग्य ध्वनी काढून देते. येथेच खरी मर्यादा आहे. चामड्याचा पडदा मध्यावर एक बोलतो, काठाला दुसरे, आणि बोट टेकवून ठेवले तर तिसरेच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिले, की सामान्य ढोलाचे उपस्वर एकमेकांशी विसंगत असतात. पण तबला-मृदंगाच्या पुडीवर शाई चढविल्यामुळे ते सुसंवादी होतात. ज्या दिल्लीत सिद्धार खाँच्या परंपरेने दोन बोटांनी वाजविण्याचे दिल्ली बाज हे अंग वाढले, तेथे किनारीवरचे बोट केसभर सरकले तरी जाणत्याचा कान टवकारतो. हा फरक यंत्राने पुष्कळसा गाठला आहे. पण तो त्याच्या कर्त्यांनी आधी जेवढा नोंदवून ठेवला, तेवढाच.

महाराष्ट्रात ऑक्टापॅडने जे स्थान मिळविले, त्यास मात्र तोड नाही. भावगीतांचा कार्यक्रम असो, लावणीचा असो, की गावच्या जत्रेतला ऑर्केस्ट्रा असो. एका पेटीत संबळ, हलगी, तुतारी, मंदिरातली घंटा आणि पाश्चात्त्य ड्रम सामावतात. एस.टी.च्या टपावर चार वाद्ये चढविण्यापेक्षा एक पेटी मांडीवर घेणे केव्हाही सोयीचे. संबळवाल्याचे मानधन त्या पेटीत गेले, हेही तितकेच खरे. उत्तम ऑक्टापॅडवादक बहुधा आधी ढोलकी किंवा तबला शिकलेला असतो, ही गोष्ट या वादात दोन्ही पक्ष विसरतात.

अशा वादांचा निकाल फर्मानाने लागत नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे स्वर ठोकळेबाज, तिच्यातून मींड निघत नाही, हे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. बंदी १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळात मराठी रंगभूमीवरची पेटी काही कोणी उचलून नेली नाही. १९८२ साली ब्रिटनच्या वादकसंघाच्या मध्य लंडन शाखेनेही सिंथेसायझर आणि ड्रमची यंत्रे बंद करावीत असा ठराव केला. त्या ठरावाची गत काय झाली, हे कोणतेही चित्रपटगीत ऐकताच कळते.

शेजाऱ्याचा हक्क ही मात्र निराळी बाब आहे. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी जागेतला आवाज हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वाढू नये, असेही बंधन आहे. ड्रमचा संच जोराने वाजला तर वादकाच्या कानाशी शंभर डेसिबल सहज भरतात. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते; ५५ आणि १०० यांमधील अंतर म्हणजे ध्वनिशक्तीची सुमारे तीस हजार पट. करोल बागेतील विटांची भिंत त्यातले बरेच शोषील, पण सगळे नाही.

पुण्याच्या ढोल-ताशा पथकांना हा मार्ग मोकळा नाही. मुठेच्या काठी आठवडेच्या आठवडे त्यांचा सराव चालतो आणि दरवर्षी तक्रारीही होतात. कानाला यंत्र लावून साठ ढोल वाजविण्यात अर्थ काय? तो नाद अंगावर यावा, याचसाठी तर तो असतो. २०२४ च्या गणेशोत्सवापूर्वी राष्ट्रीय हरित लवादाने पथकातील वादकांच्या संख्येवर तीसची मर्यादा घातली, आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

करोल बागेतल्या विद्यार्थ्यास मात्र कानावर हेडफोन चढवून रात्री अकरा वाजताही सराव करता येतो. त्याच्या खोलीत बसलेल्या आईला केवळ काठ्यांची टपटप ऐकू येते. खालच्या मजल्यावर मात्र निराळेच काही पोहोचते. पेडलचा प्रत्येक आघात पायातून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये उतरतो. सूर नाही, झांज नाही, नुसता धप्प धप्प असा आवाज छतातून येत राहतो. यावर जगभरच्या वादकांनी एक साधा तोडगा काढला आहे. दोन फळ्या घ्यावयाच्या, त्यांच्यामध्ये टेनिसचे चेंडू बसवावयाचे आणि त्या चौथऱ्यावर सारा संच मांडावयाचा.